तलावावरच्या पिंपळाची मुंज

दुपारी डोळा लागला की मला अजून पानांची सळसळ ऐकू येते. बाकीची झाडं वारा आला की बोलतात, पिंपळ वारा नसतानाही बोलतो. जाग आल्यावर कळतं की आपण घरात आहोत आणि तो बाळकुमला आहे. खुशाल आहे. गावकऱ्यांनी त्याला पार बांधलाय, म्हातारी माणसं तिथे बसतात म्हणे.

कल्याणचं माहेर सोडून मी ठाण्याला आले, नांदले, पण कूस काही उजवली नाही. उपास झाले, नवस झाले, लोकांचे सल्ले ऐकून कान किटले. शेवटी एका वडीलधाऱ्या बाईंनी सांगितलं, पिंपळ लाव, लेकासारखा वाढव, आठव्या वर्षी त्याची मुंज कर. तलावाच्या घाटाच्या भिंतीत एक रोप उगवलं होतं. ते मी अलगद काढलं आणि भिंतीलगतच्या मातीच्या पट्टीत लावलं. रोज सकाळी कळशीभर पाणी घालायचं आणि त्याच्याशी चार गोष्टी बोलायच्या. बायका हसत. हसोत बापड्या.

तो आठवं वर्ष लागायच्या बेतात असताना म्युनिसिपालिटीने ठरवलं, तलावाभोवती झाडं लावायची, लोकांना सावलीत बसता यावं. कोणती लावायची ते ठरवण्याचं काम आमच्या स्वारीकडे आलं. माझे यजमान वकील. तोवर त्यांना आंबा आणि फणस सोडून झाडांत काही कळत नव्हतं. पण काय लागलं वेड. ओटी रोपांच्या करंड्यांनी भरली. संध्याकाळी मला बरोबर घेऊन तलावाला फेरी घालत, तीसुद्धा झाडं उभीच आहेत अशा थाटात. "इथून ये, इथे करंजाची सावली आहे," म्हणत आणि रखरखीत उन्हातून मला बाजूला घेत. खरं सांगते, मलाही गार वाटे. कुठे बकुळीचा सडा पडलेला असे, कुठे भेंडीच्या झाडाची पिवळी फुलं पाण्यावर तरंगत. आम्ही दोघं त्या नसलेल्या झाडांखालून दिवेलागणीपर्यंत हिंडत असू.

आंबा नको, पोरं दगड मारतील. चिंच नको, तिन्हीसांजेनंतर तिच्याखाली कुणी बसत नाही. गुलमोहर दिसायला देखणा, पण वादळात टिकायचा नाही. खाडीचा खारा वारा सोसणारा करंज बरा. हे सगळं जेवताना चाले. असंच एकदा ताकभात कालवता कालवता स्वारी म्हणाली, "वड, पिंपळ, उंबर भिंतीजवळ नकोत. मुळं दगड फोडतात."

"आणि आपला?" मी विचारलं.

भात नुसता कालवला जात होता.

मी म्हटलं, "ज्येष्ठात त्याची मुंज आहे. नंतर बघू."

"मुंज झालेल्या पिंपळाला कोणी हात लावणार नाही, हे तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणूनच म्हणते."

"अगं, गावाला एक नियम आणि माझ्या घराला दुसरा, असं कसं चालेल?"

"गावाला पोरं आहेत," मी म्हटलं आणि ताट उचललं. त्यानंतर आमचा अबोला. मी वाढत होते, ते जेवत होते, इतकंच.

अशाच एका सकाळी मी कळशी घेऊन घाटावर गेले. एक पोटुशी पोर भरली घागर घेऊन वर चढत होती. तिचा पाय पडला आणि पायरीचा दगड हलला. मी दंडाला धरलं म्हणून सावरली. ती गेल्यावर मी वाकून पाहिलं. दगडाखालून माझ्या पिंपळाचं मूळ आलं होतं, चांगलं मनगटाएवढं. मी तिथेच मटकन बसले आणि मनसोक्त रडले. दुसरीचं लेकरू पाडून मी माझं वाढवू का? आणि तो तर काही न कळता, आनंदात पानं हलवत उभा होता.

घरी आल्यावर मीच बोलले. "मुंज इथेच होईल. मग त्याला हलवा."

"मुंजीनंतर? लोक काय म्हणतील?"

"मुंज झालेला मुलगा आईपाशी राहतो का? गुरुघरी जातो. तुम्ही गुरुघर शोधा."

मग शोधाशोध सुरू झाली. बाळकुमच्या वेशीवर मोकळी जागा मिळाली. जवळपास ना घर, ना भिंत. गावकऱ्यांना सावलीचं झाड हवंच होतं.

मुंज रीतसर झाली. बुंध्याला जानवं घातलं, मेखला बांधली, शेजारी पळसाचा दंड रोवला. त्याआधी मातृभोजन. त्या दिवशी मुलगा आईच्या ताटात शेवटचं जेवतो. मी मुळाशी पान मांडलं, एक घास मातीवर ठेवायचा, एक आपण खायचा. वरणभात, तूप, लिंबू. त्याला काय आवडतं हे मला कधी कळलंच नव्हतं. बाभळीच्या सावलीसारखी विरळ सावली त्याची, पण माझ्या अंगावर पडली होती तेवढी मला पुरली.

दुसऱ्या दिवशी फांद्या छाटून, मुळांना मातीसकट गोणपाट गुंडाळून त्याला बैलगाडीत निजवलं. आभाळ भरून आलं होतं. आज त्या जागी बकुळ आहे, छान वाढलीय, मी तिच्याखाली बसत नाही.

मुंजीत बटू काशीला निघतो आणि मामा त्याला अडवून माघारी आणतो, तेव्हा सगळे हसतात. माझा भाऊ आलाच नव्हता. झाडाची कसली मुंज, असा निरोप त्याने धाडला होता. गाडी हलली. स्वारी पागोटं, उपरणं घालून माझ्याशेजारी चालत होती. ठाण्याच्या वेशीपाशी एकदम पुढे झाली, गाडीचा मागचा खुंट धरला आणि अगदी हळू म्हणाली, "बाळा, परत फीर."

गाडीवानाने बैल थांबवले. "माघारी घ्यायची का, रावसाहेब?"

स्वारीने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

"नाही," मी म्हटलं. "हाका गाडी."