आज सीआरपीचा भाव काय?

पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त फार दिवस ठेवत नाहीत. तपासून झालं की नळ्या पिवळ्या पिशवीत जातात, पिशवी गाडीत जाते, विषय संपतो. किस्स्यांची विल्हेवाट लावायची सोय मात्र अजून कुणी काढलेली नाही. ते काउंटरवरच पडून राहतात, आणि काउंटरवर मी बसते. बुऱ्हाणपुरात एकाच लॅबमध्ये इतकी वर्षं रिपोर्ट टाइप केल्यावर आता चार माणसं चहाला जमली की कुणीतरी म्हणतंच, "ताई, ते कोरोनातलं सांग ना." जणू तेव्हा जत्राच भरली होती!

तशी भरलीही होती म्हणा. फक्त ती आमच्या दारात होती. लॅबमध्ये आम्ही तिघं. सर म्हणजे पॅथॉलॉजिस्ट आणि मालकही तेच, टेक्निशियन प्रदीप, ज्याच्या जिभेला हाड नाही, आणि मी. दुसऱ्या लाटेच्या त्या उन्हाळ्यात अर्धं गाव आजारी पडलं आणि उरलेलं अर्धं डॉक्टर झालं. ज्यांना स्वतःचा रक्तगट धड सांगता येत नव्हता, ते ओट्यावर बसून फेरिटिन आणि डी-डायमरवर निकाल द्यायला लागले.

*

आमच्याकडे सकाळ उजाडते ती केळीच्या भावाने. आज किती लागला, काल किती होता, जळगावकडे काय चाललंय. त्यामुळे सीआरपी गावात आला तसा त्याचाही भावच झाला. सीआरपी म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन. अंगात आजाराची सूज भडकली की ते चढतं, सूज निवली की उतरतं. बस, इतकंच.

गोपाळशेठ म्हणून केळीचे मोठे दलाल आहेत. त्यांचे थोरले भाऊ दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. शेठचा रोज सकाळी फोन यायचा, "मॅडम, भाऊचा सीआरपी काय लागला आज?"

एकदा मी खुशीत सांगितलं, "शेठ, उतरला. एकदम अर्ध्यावर आलाय."

पलीकडून एक लांबलचक उसासा आला. ज्या माणसाला जन्मभर 'उतरला' हा शब्द ऐकला की धस्स होतं, त्याला आपण काय सांगून बसलोय, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं. मग मी बसून समजावलं. शेठ, हा उतरलेला चांगला, जितका खाली तितकं बरं, चढला तर काळजी. ते हो हो म्हणत राहिले. त्यांना पटलंय असं मला वाटलं.

फोन ठेवता ठेवता त्यांनी हळूच विचारलं, "वो सब ठीक आहे मॅडम, पण परवापर्यंत थोडा तरी चढेल ना?"

*

दुसरी एक तपासणी होती आयएल-सिक्स. इंटरल्यूकिन-सिक्स हे तिचं पूर्ण नाव. शरीराची फौज जास्तच खवळली की हे रक्तात वाढतं, आणि मग ती फौज शत्रूबरोबर आपल्याच घराचीही नासधूस करते. ही तपासणी आमच्याकडे व्हायची नाही, सॅम्पल इंदूरला जायचं. रिपोर्ट येईपर्यंत दोनतीन दिवस जायचे, आणि दोनतीन दिवसांत त्या आजारात काय काय होऊन जायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे आम्ही अतिशय महाग पैसे घेऊन लोकांना परवाची बातमी द्यायचो.

एक पॉवरलूमवाले काका आले होते. चिठ्ठी बघितली, रक्कम ऐकली, चष्मा काढून पुसला. नाही म्हटलं नाही त्यांनी, पेशंट घरचाच माणूस होता. फक्त हिशेब चोख हवा होता.

"मॅडम, तुम्ही सीधं सहावं करताय. पहले पाच कुठे केले?"

सर आत मायक्रोस्कोपवर होते, ते उठून बाहेर यायला निघाले. सरांना समजावून सांगायची फार हौस. पण प्रदीप जवळ होता आणि त्याला हौस वगैरे काही नव्हती. तो म्हणाला, "काका, पहले पाच फ्री रहते हैं."

काका समाधानाने पैसे मोजून गेले. सर प्रदीपवर दिवसभर चिडून होते.

*

सरांच्या समजावण्याचं सांगायचं तर फेरिटिनचं सांगितलं पाहिजे.

फेरिटिन हे शरीरात लोह साठवून ठेवणारं प्रोटीन. इन्फेक्शन जबर असलं की त्याचा आकडाही वर जातो. तापीकाठच्या एका गावातली बाई दाखल होती, तिचं फेरिटिन भलतंच वर गेलं होतं. रिपोर्ट न्यायला दीर आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, फेरिटिन म्हणजे लोखंड. झालं! घरातला तवा गेला, कढई गेली, विळी गेली. सासूने भाकरी मातीच्या तव्यावर सुरू केल्या.

सरांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि समजावलं. कागदावर चित्र काढलं. लोखंड खाण्यापिण्यातून चढलेलं नाही, शरीर लढतंय म्हणून आकडा वाढलाय, तव्याचा यात काडीचा दोष नाही. इतकं सुंदर समजावलं की मलाही पहिल्यांदाच नीट कळलं. दिरानेही मान डोलावली, सरांना वाकून नमस्कार केला, चित्राचा कागद घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. तवा परत चुलीवर चढलाय, असं त्याने आल्या आल्याच सांगितलं. सर खूश झाले.

मग तो म्हणाला, "सर, तुम्ही जरा बोलता का दवाखान्यात? वहिनीचा पलंग लोखंडी हाय."

*

नेपानगरला राहणारे एक रिटायर्ड गृहस्थ आणि बुऱ्हाणपूरचे एक सराफ, दोघे साडू. दोघे एकाच आठवड्यात पॉझिटिव्ह. पुढे दोघेही खडखडीत बरे झाले, पण आजारपणात त्यांच्या बायकांची, म्हणजे सख्ख्या बहिणींची, जी चुरस लागली ती मी लग्नातही पाहिलेली नाही.

सराफांचा डी-डायमर वाढला. हे रक्तात गुठळ्या होत असल्याची खबर देतं. त्यांच्या बायकोने, म्हणजे धाकटीने, लगेच फॅमिली ग्रुपवर रिपोर्ट टाकला. सगळ्या पाहुण्यांचे हात जोडलेले, दिव्यांचे इमोजी, बाई दिवसभर उत्तरं देत बसली. तिसऱ्या दिवशी थोरलीच्या नवऱ्याचा रिपोर्ट आला, अगदी नॉर्मल. मी फोन करून अभिनंदन केलं.

थोरलीने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ह्यांचं काहीच नाही निघालं? परत एकदा लावून बघा ना मशीन."

*

हसून झालं असेल तर गोपाळशेठचं पुढचं ऐका.

भाऊंचा सीआरपी उतरत गेला. शेठही आता शिकले होते. उतरला म्हटलं की "वाह" म्हणायचे. एक दिवस तो नॉर्मलच्या आत आला. शेठ स्वतः मास्कवर रुमाल बांधून आले आणि काउंटरवर मावा जिलेबीचा डबा ठेवून गेले. आम्ही तिघांनी लांब लांब उभं राहून खाल्ली. कितीतरी दिवसांनी लॅबमध्ये गोड आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ गेले. दवाखान्यात म्हणाले, फुप्फुसात गुठळी झाली असेल, अचानक होतं असं.

संध्याकाळी शेठचा फोन आला. "मॅडम, भाऊ गेला," म्हणाले. मग म्हणाले, "पण भाव तर चांगला होता ना?"

मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही. त्या माणसाला आकडा वाचायला मी शिकवलं होतं आणि मला त्या आकड्याचा इतका राग आला की रिपोर्टचा कागद फाडून टाकावासा वाटला.

सरांना मात्र उत्तर आलं. त्यांनी मोठ्या अक्षरात पाटी करून काउंटरच्या काचेला लावली, 'आकडा म्हणजे पेशंट नव्हे. रिपोर्ट पाहून घाबरू नये, हुरळू नये.' येणाऱ्या प्रत्येकाला ते पाटीकडे बोट दाखवायचे. आकडा फक्त आजाराची बातमी देतो, निकाल लावत नाही, म्हणायचे. लोक पाटी वाचायचे, मान डोलवायचे आणि विचारायचे, "वो तो ठीक है सर, पर कितना आया?"

*

आणि मग सरांची बायको आजारी पडली.

वहिनी शाळेत गणित शिकवतात. बुऱ्हाणपुरातल्या दोन पिढ्यांनी त्यांच्या हातच्या पट्ट्या खाल्ल्या आहेत. कडक बाई. पण ऑक्सिजन भरभर खाली गेला आणि दवाखान्यात दाखल करायला लागलं. आत कुणालाच सोडत नव्हते, सरांनाही नाही. त्यांच्याकडे वहिनींचं फक्त रक्त यायचं, रोज सकाळी, डब्यात, बर्फात.

तर आमचे पाटीवाले सर. त्यांनी पहिल्या दिवशी ते रक्त मशीनवर लावलं. आकडा बघितला. परत लावलं. मग मशीन बरोबर चालतंय का ते बघायचा कंट्रोल लावला, कॅलिब्रेशन केलं, नवीन रिएजंट फोडलं, परत लावलं. मग प्रदीपला म्हणाले, हे मशीन खराब झालंय, इंजिनिअरला फोन लाव. त्याच मशीनवर सकाळपासून निम्म्या गावाचे रिपोर्ट गेले होते आणि त्यात काही खोट नव्हती.

प्रदीप कधी नव्हे तो काही बोलला नाही. सर हात धुवायला आत गेले तेव्हा त्याने काचेवरची पाटी काढली आणि उलटी फिरवून आतल्या बाजूला, सरांच्या खुर्चीसमोर चिकटवली. सर येऊन बसले. त्यांनी ती वाचली असणार, कारण इंजिनिअरचं नाव पुन्हा निघालं नाही. ते डोळे मिटून बराच वेळ तसेच बसले होते. मला भीती वाटायला लागली होती.

*

वहिनी वाचल्या, हे आत्ताच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही लोक शेवटाकडे डोळे लावून बसता आणि मधलं काही ऐकत नाही. आता त्या पुन्हा शाळेत जातात आणि पोरं पुन्हा घाबरतात. पण तेव्हा आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं. सरांना तर अजिबात नाही.

रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्यांचे प्रकार आम्ही शेकड्यात मोजतो, शंभरात कुठल्या किती. त्यातल्या लिम्फोसाइट कमी होत गेल्या की या आजारात लक्षण बरं नसतं. वहिनींच्या त्या दिवशी सहा आल्या होत्या. निदान वीस तरी हव्यात.

वहिनींचा फोन आला. सरांच्या हातात ग्लोव्हज होते म्हणून मी स्पीकर लावला. मास्कमधून त्यांचा आवाज घोगरा, मधे मधे तुटत होता.

"अहो, आजचं सांगा."

"छान आहे," सर म्हणाले. "सुधारणा आहे."

"छान नको. आकडे सांगा. सगळे."

सरांनी स्क्रीनकडे बघितलं. "न्यूट्रोफिल एक्याण्णव," म्हणाले. मग थांबले. मला स्क्रीन दिसत होता. "लिम्फोसाइट बावीस. मोनोसाइट दोन, इओसिनोफिल एक."

पलीकडे ऑक्सिजनचा फसफस आवाज येत राहिला. प्रदीप हातातलं काम सोडून उभा होता.

"एकशे सोळा," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"बेरीज. एकशे सोळा येते तुमची."

सर स्टुलावर बसले आणि ग्लोव्हज घातलेलाच हात त्यांनी तोंडावर धरला. आयुष्यात एक खोटं बोलले, तेही गणिताच्या बाईंशी, तेही शेकड्यात! शेवटी म्हणाले, "सहा. लिम्फोसाइट सहा आहेत गं."

"हं," वहिनी म्हणाल्या. दम घेतला. "खोटं सांगायचं तर दोन्हीकडचं बदलायचं असतं." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा आला, पुन्हा मशीन, पुन्हा फोन. आकडे कालच्यासारखेच होते, जेमतेम इकडेतिकडे. मी स्पीकर लावला. सर आज उभेच राहिले. स्क्रीनकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"न्यूट्रोफिल सत्तर," ते म्हणाले. "लिम्फोसाइट चोवीस. मोनोसाइट चार. इओसिनोफिल दोन."

मी मनातल्या मनात बेरीज केली, बरोबर शंभर. प्रदीपनेही केली असणार, त्याचे ओठ हलत होते.

पलीकडे ऑक्सिजनची फसफस चालूच होती. मग मास्कमधून आवाज आला.

"शाब्बास."