दार बरोबर, गाडी चूक

आज रविवार. गेले तीन आठवडे माझा जप एकदाही सलग झालेला नाही. मणी निम्म्यावर आले की बाहेरून हाक येते, "जरा येऊन बघ, रंग जुळतोय का." मी उठते, बघते, जुळत नसतो. परत येऊन पहिल्या मण्यापासून सुरुवात. देव मला समजून घेईल, कारण आमचे हे त्याला माहीत आहेत. पुढेमागे नातवंडांनी ही वही वाचली तर त्यांनाही कळावेत म्हणून सविस्तर लिहिते.

हे कॉलेजच्या रसायनशाळेत एकतीस वर्षं सहायक होते. सगळं थेंब-थेंब मोजायची सवय, म्हणून मुलं पाठीमागे ह्यांना 'थेंबसर' म्हणायची. घरी चहात दूध मीच घालते. ह्यांनी घातलं तर मोजता मोजता चहा निवतो. एकदा परीक्षेच्या वेळी एका बड्या प्राध्यापकांनी सुचवलं, की आमच्या चिरंजीवांच्या वहीतले आकडे जरा सरळ करून ठेवा. ह्यांनी चिरंजीवांना नळी धुऊन प्रयोग पहिल्यापासून करायला लावला. त्या वर्षीची बढती दुसऱ्याच्या गळ्यात पडली. घरी येऊन मला म्हणाले, "एक आकडा खोटा लिहिला की पुढचे सगळे त्याला धरून लिहावे लागतात. एवढं काम कोण वाढवणार?" भाजी मात्र त्या दिवशी तिखट झाली.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, जुनी गाडी हातात घेतली. गोल दिव्यांची, हिरवी. गाडी नावावर आहे वन्संच्या, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीच्या. वन्सं मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. अजूनही कुणाकडे गेल्या की आधी चादरीचे कोपरे बघतात. त्यांच्या शेडमध्ये गाडी वीस वर्षं पडून होती. मागच्या वर्षी त्यांनी ती भंगारात द्यायची ठरवली आणि हे आडवे पडले. तेव्हा वन्संनी अट घातली. "एक वर्ष देते. गाडी चालली पाहिजे आणि एकसारखी दिसली पाहिजे. अण्णांची गाडी ठिगळं लावून रस्त्यावर फिरलेली मला खपणार नाही. तशी दिसली, तर भंगारवाल्याला फोन मी करीन." वर्ष आज संपलं.

इंजिन दहा महिन्यांत सुरू झालं. घोडं अडलं ते चालकाच्या बाजूच्या दारापाशी. त्याचा खालचा पत्रा गंजाने खाल्ला होता. वेल्डरकडून नवा पत्रा जोडून आणला, मग पुट्टी, मग पॉलिश पेपर, मग प्रायमर. पोर्चमध्ये माझ्या दोन चांगल्या चादरी पडदा म्हणून टांगल्या गेल्या. मी वाचायच्या आधी वर्तमानपत्रं काचांवर चिकटू लागली. देवघर पोर्चला लागून आहे आणि थिनरची वाफ पेट घेते, म्हणून फवारणीच्या दिवशी दिवा लावायचा नाही, असं फर्मान निघालं. चाळीस वर्षांत माझा दिवा चुकलेला नाही. मी देवाला उचललं, मागच्या खोलीत शिवणयंत्रावर बसवलं आणि दिवा तिथे लावला. हे म्हणाले, "थोडेच दिवस."

दार रंगून बसलं आणि पोपडे आलेल्या भिंतीवर कोरं कॅलेंडर टांगावं तसं दिसू लागलं. दार हिरवंगार, बाकी गाडी राखेत लोळून आल्यासारखी.

"वेगळं दिसतंय," मी म्हटलं.

"ओला रंग गडद दिसतो."

दोन दिवसांनी मी म्हटलं, "आता वाळलाय."

"गाडीवर धूळ असेल."

गाडी तीनदा धुतली. मग रंग पुन्हा बनवला. माझ्या वाळत घालायच्या दोरीवर, माझ्याच चिमट्यांना, डब्यांची अकरा झाकणं लटकली. प्रत्येकावर हिरव्याची एक छटा आणि मागे थेंबांचा हिशेब. ओले कपडे मी खुर्च्यांवर पसरायचे. अकरावी छटा नमुन्याशी तंतोतंत जुळली, दार पुन्हा रंगवलं, आणि गाडीशी ते पुन्हा जुळेना.

शेवटी गुरुवारी मीच जाऊन कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या रंगवाल्यांना घेऊन आले. ह्यांना ते आवडलं नाही. रंगवाल्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"काका, नमुना कुठला घेतलात?"

"पेट्रोलच्या झाकणाची आतली बाजू. तिथे रंग स्वच्छ असतो."

"स्वच्छ असतो, कारण तिथे ऊन पोचत नाही. बाकीच्या गाडीने किती वर्षं ऊन खाल्लंय? तुमचं दार बरोबर आहे हो. गाडी चुकलीय."

त्यांनी बॉनेटचा कोपरा जरा घासून बघितला, तर खालचा प्रायमर डोकावला. घासून उजळण्याइतका रंगच उरला नव्हता. सगळी गाडी रंगवायची तर तीन-चार महिने हवेत आणि हातात होते तीन दिवस. "सोपं करा," ते म्हणाले, "ह्यातच थोडा पांढरा, थोडा राखाडी घाला. दार फिकं होईल. कडेच्या पत्र्यावर हलका हात मारत न्या. तुमच्या ताईंना पत्तासुद्धा लागणार नाही."

ते गेल्यावर मी पांढऱ्याचा डबा आणून ह्यांच्यासमोर ठेवला.

"म्हणजे बरोबर रंग चुकीचा करायचा," हे म्हणाले.

"अहो, रंग आहे तो. कोर्टातली साक्ष नाही."

"पेट्रोलचं झाकण उघडलं की कळेल."

"झाकण कोण उघडायला बसलंय?"

"मी. दर वेळी पेट्रोल भरताना."

डबा दोन दिवस तिथेच राहिला. काल दुपारी हे गाडीत नुसतेच बसले होते, स्टिअरिंगवर हात ठेवून. मी गाडीच्या खिडकीतून चहा दिला आणि म्हटलं, अजून वेळ आहे. "गेली तर जाऊ दे," हे म्हणाले, पण माझ्याकडे बघितलं नाही. आणि ह्यांचा चहा गार झाला.

आज दहाच्या ठोक्याला वन्सं आल्या. चप्पलही न काढता थेट गाडीपाशी.

"काय रे थेंब्या, हे दार कुणाच्या गाडीचं?"

"आपल्याच."

"मग बाकीची गाडी कुणाची?"

"अट पाळली गेली नाही, ताई. चालते, पण एकसारखी दिसत नाही. तू फोन कर."

एवढंच. ना खुलासा, ना विनवणी. वर्षभर माझ्या घराचा उकिरडा केला आणि सांगायच्या वेळी चार शब्द. वन्संनी पर्समधून फोन काढलासुद्धा. मग मात्र मला राहवेना. मी पुढे होऊन पेट्रोलचं झाकण उघडलं. "वन्सं, आधी हे बघा. मग काय तो फोन करा."

त्यांनी चष्मा लावला. झाकण बघितलं, दार बघितलं, बॉनेटवरून बोट फिरवून बोटाकडे बघितलं.

"म्हणजे आजार दाराला नव्हताच."

"नाही," हे म्हणाले.

"आणि ह्याच्यावर सोपा उपाय कुणी सुचवला नाही?"

"सुचवला. दार फिकं करायचा."

"मग?"

"केला नाही."

वन्संनी चष्मा उतरवला. मग म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात एक नर्स मुलगी होती. साहेब यायच्या आधी तक्त्यावरचा ताप पेनाने उतरवून ठेवायची. रोगी तापलेला तो तापलेलाच. कळलं त्याच दिवशी तिला मी घरी पाठवली." फोन पर्समध्ये गेला. "सगळी गाडी रंगव."

"मुदत?"

"बरी होईपर्यंत. पण माझ्या देखरेखीखाली. दर रविवारी येईन."

गाडी वाचली ह्याचा मला आनंद झाला, हे इथे लिहिते, कारण तोंडाने मी ते कबूल करणार नाही. ह्यांनी खिशातून रुमाल काढून उगाचच आरसा पुसला. तोवर वन्संनी बाह्या वर सारल्या होत्या. "अगं, बादलीभर पाणी आण. आणि जुन्या चादरी आहेत का?"

जुन्या संपल्या आहेत, असं मी सांगितलं. मग नव्या चालतील, म्हणाल्या.

मी तिसरी बादली भरून आणली तेव्हा बॉनेटचा वीतभर भागही घासून झाला नव्हता. हे म्हणत होते आधी चारशे नंबरचा पॉलिश पेपर, वन्सं म्हणत होत्या सहाशेचा, आणि दोघांनाही वाटत होतं की मी आपल्या बाजूने बोलावं.