आधी टेलला

शेतकी विद्यापीठात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचं कौतुक नव्या सुनेसारखं झालं, आणि पुढं हालही तसेच झाले. अख्ख्या विद्यापीठाला मशीन एकच. परभणीतले मोठे विभाग, लांबलांबची केंद्रं, सगळ्यांच्या प्रयोगांचे आकडे त्याच्यावरच काढायचे. मग काय, ज्याचा आवाज मोठा त्याचा नंबर! विभागप्रमुखांचे शिपाई सकाळीच येऊन, एस्टीत टाकतात तसा, खुर्चीवर रुमाल टाकून जायचे.

ह्या मशीनचा कारभार भुजंग खिल्लारेकडं होता. त्याच्या बापाचं एवढंसं रान कालव्याच्या पार शेवटाला, टेलला. पाणी वरच्यांच्या उसातच जिरायचं. एका साली कालव्याच्या साहेबानं नियम लावला, आधी टेलला पाणी, मग वर सरकत यायचं. त्या उन्हाळ्यात खिल्लाऱ्यांच्या रानात भुईमूग डोलला. पुढं साहेबाची बदली झाली आणि पाणी आटलं, ती गोष्ट निराळी. पण नियम लिहिला की खरा होतो, हे खूळ भुजंगच्या डोक्यात बसलं ते बसलंच. नामांतराच्या दंगलीत त्याचं घर जळालं तेव्हा हाकेला कुणी आलं नव्हतं. अशा माणसाला माणसांपेक्षा नियमाचाच भरवसा वाटणार, दुसरं काय?

कॉम्प्युटर समितीचा तो सचिव. त्यानं कालव्याचाच नियम मांडला. लांबच्या केंद्रांना आधी पाळी, परभणीतल्या बड्या विभागांना शेवटी. अध्यक्ष किशनराव हसले, "शेतकऱ्याचं पोरगं हाय खरं!" चहा झाला, नियम मंजूर झाला. वर्षभर बिनबोभाट चालला.

चारठाण्याच्या पलीकडं एक छोटं केंद्र होतं. तिथं रंगनाथ नावाचा हंगामी सहायक करडईचा नवा वाण जपत होता. यंदा त्याचे आकडे नवे वाण निवडायच्या बैठकीत ठेवले नाहीत, तर प्रयोग बंद आणि रंगनाथही घरी. नियमानं त्याची पाळी पहिली होती. भुजंगनंच त्याला कळवलं होतं, निवांत या म्हणून.

आणि बैठकीच्या तोंडावर किशनरावांनी समिती बोलावली. त्यांच्याच विभागाचं काम तुंबलं होतं. "यंदापुरतं आधी मोठे विभाग उरकू. बारके पुढच्या महिन्यात बघू."

भुजंग उठून उभा राहिला. "साहेब, पुढच्या महिन्यात रंगनाथचा प्रयोगच राहत न्हाई."

"बस खाली. सचिवाला मत नसतं." किशनराव रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "तुमा लोकांना नियमाची लय हौस बाबा!"

टेबलाभोवती दोघंचौघं हसले. बाकीचे चहात बघत बसले. भुजंग खाली बसला. ज्या हातानं कालव्याचा नियम लिहिला होता, त्याच हातानं त्यानं ठराव लिहिला, "सर्वानुमते". खाली सही केली, कारण सही सचिवाचीच लागते. आणि तो कागद मशीनच्या खोलीच्या दारावर चिकटवला.

दुसऱ्या दिवशी रंगनाथ आला. आकड्यांचं बोचकं पोटाशी धरून एस्टीत उभ्यानं आलेला, अंगावर फुफाटा. दारावरचा कागद त्यानं वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"खिल्लारे साहेब, ही सही तुमचीच हाय का?"

"हाय. पण समितीनं..."

"समिती आमी पायली न्हाई. तुमाला पायलंय."

"रंगनाथ, चहा तरी घ्या."

"नगं." त्यानं बोचकं खांद्यावर घेतलं. आवाज चढवला असता तर भुजंगला बरं वाटलं असतं. "केंद्रावर समदे म्हणायले होते, मोठे लोक घुसतील, जाऊ नको. मीच भांडलो त्यांच्याशी. म्हणलं, तिथं खिल्लारे हायेत. टेलचा माणूस हाय, आपला हाय."

तो जिन्याकडं निघाला. भुजंगनं हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून किशनरावांच्या माणसानं आवाज दिला, मशीन चालू करा म्हणून. रंगनाथ जिन्यावर थांबला, वळून भुजंगकडं बघत राहिला. भुजंग मान खाली घालून आत गेला आणि त्यानं मशीन चालू केलं.