ब्लॉक चालेल का, भिया?

आमच्या देवासच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाचा भुगा आणि किस्से दोन्ही रोज साठतात. भुगा भंगारवाला नेतो. किस्से माझ्याकडेच राहतात, कारण काउंटरवर मी बसते!

गाडीचं इंजिन फुटलं की त्याचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य धूड, आमच्याकडे येतो. तो दुरुस्त करायचा की भंगारात घालायचा, हे आमचे हे ठरवतात. ह्यांना सगळे 'भिया' म्हणतात; इकडे 'भैया'चं तसंच होतं. ब्लॉक रॉकेलनं पुसायचा, कोरडा करायचा, वर खडू फासायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. तोवर मालकाचा जीव टांगणीला, आणि नंतर ह्यांचा! चुकून 'चालेल' म्हटलं आणि गाडी घाटात बंद पडली, तर आत माणसं असतात ना!

* * *

धारचे एक गुरुजी श्वास रोखून खडूकडे बघत होते. रेघ उमटली. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं, बोटाला थुंकी लावली आणि रेघ पुसून टाकली!

"आता बघा, एकदम साफ!"

हे म्हणाले, "गुरुजी, पोरांनी चुकलेलं गणित पुसलं तर तुम्ही मार्क देता?"

* * *

खातेगावच्या एका व्यापाऱ्याच्या ब्लॉकला आतला रॉड तुटून चांगलं मुठीएवढं भोक पडलं होतं.

"भिया, इतना सा तो छेद है। बाकी सब अच्छा है ना?"

"पंक्चर भी इतना सा ही होता है," हे वैतागून म्हणाले.

त्याचा चेहरा खुलला. "तो पंक्चरवाले को दिखा दूँ?"

* * *

ब्लॉक ओतीव लोखंडाचा; तडा गेला असला की ठोकल्यावर बद्द वाजतो. दिवसभर ठोकून ठोकून ह्यांना सवयच लागली आहे. ब्लॉकचा निर्णय होत नसला की जेवताना चमच्यानं वाटी वाजवत बसतात, भाजी तशीच.

सासूबाई एकदा म्हणाल्या, "अरे, वाटी चालेल, की नवी आणू?"

* * *

तिरल्याचे तीन भाऊ सामाईक गाडीचा ब्लॉक घेऊन आले. थोरल्यानं ह्यांना बाजूला घेतलं, "बोल दो, भंगार है।" धाकट्यानं बाजूला घेतलं, "बोल दो, बन जाएगा।"

हे घामाघूम. मग मधला आला.

"भिया, तुम कुछ मत बोलना। ये यहाँ पड़ा है, तब तक घर में शांति है।"

ब्लॉक अजून आमच्याच कोपऱ्यात आहे!

* * *

आणि बागलीच्या पुढच्या खेड्यातले कैलास भिया. सुनेला नववा महिना, दवाखाना लांब, मध्ये घाट आणि घरात ही एकच गाडी. ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीला तडा, तोही इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेवर. दुसरा ब्लॉक मिळायला वेळ लागणार होता, आणि नववा महिना काही थांबणार नव्हता.

हे 'हो' म्हणेनात आणि 'नाही'ही म्हणेनात. मला तर धडकीच भरली होती. त्या पोरीला मी पाहिलंही नव्हतं, तरी सारखी तीच डोळ्यांसमोर येत होती.

शेवटी ह्यांनी ब्लॉक तापवला, वेल्डिंग केलं, सावकाश निवू दिला. खडू फासला. रेघ नाही! टोचन करून आणलेल्या त्यांच्या गाडीत इंजिन बसवलं, सुरू केलं. मी देवापुढे साखर ठेवून आले, तर कैलास भिया तसेच गंभीर उभे.

"भिया, पक्का चलेगा?"

"चलेगा।"

"घाट में?"

"हओ, घाट में भी।"

"गारंटी?"

"ब्लॉक की वेल्डिंग की गारंटी कोई नहीं देता, भिया।"

कैलास भियांनी मान डोलावली. "मत दो। बस, भाभी को साथ बैठा दो। घाट उतरके घर तक जाएँगे, शाम को मैं खुद छोड़ जाऊँगा।"

मी उठलेच. पायात चप्पल सरकवली, मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसले.

ह्यांनी एकदा कैलास भियांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग इंजिन बंद केलं आणि बॉनेट उघडलं.

"तू उतर," मला म्हणाले. "भिया, वो पाना देना ज़रा।"