दहा मिनिटांत कोण आलं

आमच्या शाळेच्या नेचर क्लबच्या वहीत पुढून आकडे लिहायचे असतात. किस्से कुठे लिहायचे ते कोणी सांगितलेलं नाही, म्हणून ते मागच्या पानांवर साठत जातात. मी क्लबमध्ये फारशी बोलत नाही. त्यामुळे बहुतेक माझीच मागची पानं सगळ्यात जास्त भरली आहेत.

काम सोपं आहे. सहा रविवार, सकाळी, घराजवळच्या एका फुलझाडासमोर दहा मिनिटं बसायचं आणि फुलांवर कोण येतं ते मोजायचं. मधमाशी, भुंगा, फुलपाखरू, माशी असे रकाने आणि शेवटचा रकाना ‘इतर’. आमच्या भोईर मॅडम म्हणतात, माणसाने एखाद्या जागेवर किती भार टाकलाय ते बघायला यंत्र लागत नाही, तिथल्या फुलांवर कोण यायचं थांबलं ते बघायचं. नियम दोनच. फुलाला टेकलं तरच धरायचं, नुसतं उडून गेलेलं नाही. आणि कोणी आलं नाही तर शून्य लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही.

*

ओमकार सीवूड्सला राहतो. त्याने एका शोरूमबाहेरच्या कुंड्या निवडल्या, कारण समोर बसायला बाक होता. पहिल्याच रविवारी त्याने लिहिलं : मधमाश्या तीन, फुलपाखरू एक. दुसऱ्या रविवारी मधमाश्या चार. वर्गात त्याचा भाव एकदम वाढला.

इतकी चांगली जागा म्हणून मॅडम स्वतः बघून आल्या. सोमवारी त्यांनी शांतपणे विचारलं, “ओमकार, त्या कुंड्यांना पाणी कोण घालतं रे?”

“माळी असेल, मॅडम.”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “त्यांची फुलं ओल्या फडक्याने पुसतात.”

*

रिद्धीची जागा सानपाड्याला, तिच्याच सोसायटीच्या बागेत. ती पॅड घेऊन जास्वंदीसमोर बसली, तर सेक्रेटरी काका धावत खाली आले. त्यांना वाटलं, कोणीतरी तक्रार केली. रिद्धीने कागद दाखवला. सगळ्या रकान्यांत शून्य. काकांचा चेहरा खुलला. त्यांनी कागदाचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टजवळच्या बोर्डवर तो लागला होता. खाली लिहिलं होतं : ‘शाळेकडून तपासणी पूर्ण. आपल्या आवारात एकही किडा आढळला नाही. फवारणी समितीचे अभिनंदन.’

रिद्धीने त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. काकांनी ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, “शेजारच्या सोसायटीत किती निघाले?”

तिथे सात निघाले होते.

“तरी मी म्हणत होतो,” काका म्हणाले.

*

माझी जागा द्रोणागिरीला, हिरा काकूंच्या घरामागे. मागे गोदामाची लांब भिंत आहे आणि भिंतीला लागून काकूंचा लाल भोपळ्याचा वेल. भिंतीच्या पलीकडे त्यांची शेती होती. काकू हे तक्रार म्हणून सांगत नाहीत, पत्ता सांगावा तसं सांगतात.

भोपळ्याची फुलं सकाळी उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात, म्हणून मी सातलाच जाऊन बसायचे. रस्त्यावरून कंटेनरचे ट्रेलर जायचे आणि पिवळ्या फुलांवर धूळ बसायची. बाकी काही बसायचं नाही. मादी फुलाच्या खाली सुपारीएवढा भोपळा धरलेला असतो. मधमाशी न आल्याने तो आठवडाभरात पिवळा पडून गळायचा.

काकू दारातून विचारायच्या, “पोरी, आयला का कोन?”

मी मान हलवायचे. त्या आत जायच्या.

चौथ्या रविवारी मात्र एक मधमाशी आली. वेलावरून दोन चकरा मारल्या, फुलाच्या तोंडापर्यंत गेली आणि वळून गोदामाच्या गेटपाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या पिवळ्या हेल्मेटवर जाऊन बसली. तो जागचा हलला नाही. बऱ्याच वेळाने त्याने ओठ न हलवता विचारलं, “ताई, गेली का?”

मी शून्य लिहिलं.

*

पाच रविवार झाले. माझ्या पानावर नुसती शून्यं. भोपळ्याच्या वेलावर भोपळा, हा विनोद वर्गात सगळ्यांनी एकेकदा करून झाला. मग विज्ञान प्रदर्शनाचा बोर्ड ठरवायची वेळ आली. बोर्डवर जागा थोडी होती. ओमकार सगळ्यांसमोर म्हणाला, “ही जातच नसेल. घरी बसून शून्यं काढली असतील.”

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी माझ्या पानाकडे बघितलं. जाऊन लिहिलेलं शून्य आणि न जाता लिहिलेलं शून्य कागदावर सारखंच दिसतं.

मधल्या सुट्टीत ओमकार माझ्या बाकापाशी आला. त्याचा सूर जरा उतरला होता. “माझ्या चार घे हवं तर,” तो म्हणाला. “तशाही त्या कुठे खऱ्या आहेत.”

मॅडम मला एवढंच म्हणाल्या की शेवटच्या रविवारी त्या येतील, पान लावायचं की नाही ते तेव्हा ठरेल.

*

शेवटच्या रविवारी मॅडम खरंच आल्या. काकूंनी त्यांना स्टूल दिलं. मॅडमनी घड्याळ लावलं आणि आम्ही दोघी वेलाकडे बघत बसलो. तीन ट्रेलर गेले. सहा मिनिटं झाली, सात झाली. मॅडमनी चष्मा पुसून परत घातला. मी पेन्सिल शून्यावर ठेवूनच बसले होते.

नवव्या मिनिटाला काकू पदर खोचून आल्या. “या माश्यांची वाट बगून बगून वेल म्हातारा झाला,” असं म्हणत त्यांनी एक नर फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या सोलून टाकल्या आणि उरलेला पराग लागलेला पिवळा दांडा मादी फुलात हलकेच फिरवला. मग दुसऱ्या फुलात. मग तिसऱ्या. पोराला काजळ लावावं तसं, घाई न करता.

घड्याळ वाजलं. मॅडमनी ते बंद केलं.

मी म्हणाले, “मॅडम, फुलाला टेकलं.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग काकूंच्या हाताकडे. “लिही,” त्या म्हणाल्या.

मी ‘इतर’च्या रकान्यात लिहिलं. काकूंनी वाकून विचारलं, कती मांडलंस? मी तीन बोटं दाखवली.

“तीन कशी? पाच. दोन तुमी यायच्या आदी केली.”

आधीची धरत नाहीत, मी म्हणाले. तीनच ठेवलं.

*

पान बोर्डवर लागलं, मधोमध. प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक आले. ओमकार माझ्या मागेच उभा होता. परीक्षकांनी बोट फिरवत सगळी शून्यं बघितली आणि शेवटच्या ओळीपाशी थांबले. एकदम खूश झाले.

“शेवटच्या आठवड्यात सुधारणा दिसतेय,” ते म्हणाले. “छान. परिसर सावरतोय म्हणायचा. हे ‘इतर’ म्हणजे नेमकं कोण आलं?”

मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

“हिरा काकू,” मी म्हणाले.