दसऱ्याच्या सकाळचं पॉलिश

दसऱ्याला दुपारची जेवणं उरकून मी मोरीत पुरणाचं पातेलं घासत होते, तेव्हा संजय भाऊजींचा मोबाईल वाजला. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. ते बोलत बोलत अंगणात गेले, मग बोलायचे थांबले आणि नुसतं ऐकत राहिले. परत आले तेव्हा पायात एकच चप्पल होती. "वहिनी, दादाची गाडी टेम्पोवर धडकली. सुप्याच्या अलीकडं." मी विचारलं, "लई लागलंय का?" त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. तेवढ्यावरून मला कळलं... तरी मी ते पातेलं पुरतं घासलं, विसळलं, पालथं घातलं. हातातलं काम टाकलं तर ते खरं होईल, असं काहीतरी वाटलं असेल.

आता दीड महिना झाला. माणसं अजून येऊन बसतात. कुणी म्हणतं हेल्मेट असतं तर वाचले असते, कुणी म्हणतं टेम्पोवाल्यानं एकदम ब्रेक मारला. पोलिसांनी टेम्पोवाल्यावर गुन्हा नोंदवला आहे. अशोक त्याचं नाव, शेजारच्या गावचा. झेंडू पोचवून रिकामा टेम्पो घेऊन घरी निघाला होता. त्याचीच चूक, असं आमच्या घरात सगळे धरून आहेत. मी खाली मान घालून ऐकते. त्या सकाळी यांच्या गाडीच्या पुढच्या चाकाला, ब्रेकची लोखंडी थाळी असते तिला, पॉलिश मी लावलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडत नाही, म्हणून आधी लिहून बघते आहे.

यांचं नाव भाऊसाहेब. सुप्याच्या एका कंपनीत एकोणीस वर्षं प्रेस मशिनवर होते. माणूस मुळात कमी बोलणारा, पण रविवारी गाडी धुवायला बसले की बोलत. कपड्यांची पावडर गाडीला कधी लावू दिली नाही. पावडरीनं रंग पांढरा पडतो म्हणायचे. बादलीभर पाण्यात गाडीचा शाम्पू झाकणभर, साखळीला रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश, टाकी पुसायला फक्त धुऊन धुऊन विरलेलं बनियन. टॉवेलनं ओरखडे पडतात म्हणे. पॉलिश घ्यायला सुप्याच्या दुकानात गेलो की अर्धा तास जायचा. चार-पाच बाटल्या काढायला लावायच्या, प्रत्येकीतला एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन चोळायचा, मग वास घ्यायचा. "रॉकेलचा वास आला का ठिवून द्यायची. आज चमकवती, चार महिन्यांनी रंग खाती." दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "भाऊसाहेब, पोरगी बघायला गेल्तात तवा तरी एवढं बघितलं हुतं का?" हे बाटलीवरची नजर न काढता म्हणाले, "तवा दोनच मिनटं दिल्ती. म्हनून आता नीट बघतोय." मी मागे उभी होते. पदर तोंडाला लावून हसले, आणि यांनी मान वळवून ते पाहिलं.

सीटला मात्र त्यांनी कधी पॉलिश लावलं नाही. दुकानदार दर वेळी सांगायचा, लावा, नव्यासारखी दिसेल. हे म्हणायचे, "मागं मानूस एका अंगानं बसतंय. घसरंल." ते माणूस म्हणजे मी. मला घट्ट धरून बस असं ते चारचौघांत कधी म्हणाले नाहीत, पण सीट कोरडी ठेवली.

लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली होती. हे कामावरून यायच्या आत गाडी लख्ख करून ठेवावी म्हणून मी भांड्यांची घासणी घेतली आणि टाकी घासली. साबणाच्या फेसात काही दिसलं नाही. वाळल्यावर टाकीभर गोल गोल ओरखडे. हे आले, बघितलं, आणि बाहेरच्या माणसांदेखत म्हणाले, "भांडं हाय का हे?" एवढंच. पण मी दोन दिवस नीट जेवले नाही, आणि वर्षभर त्या गाडीवर बसले नाही. माहेरीसुद्धा एसटीने गेले. त्यांनी समजूत काढली नाही, तसा स्वभाव नव्हता. एका रविवारी मात्र अंगणातून हाक मारली. गेले तर हातात फडकं दिलं आणि म्हणाले, "चाकं तुझी. वरचं माझं." त्यानंतर गाडीवरून मला ते कधीही एक शब्द बोलले नाहीत. चिखलाचा डाग राहिला तरी नाही. माझी पाठ फिरली की स्वतः पुसून घ्यायचे, ते मला माहीत होतं.

तेव्हापासून चाकं माझी. तारा एकेक पुसायच्या आणि फडक्यावर थेंबभर तेल घेऊन हात फिरवायचा. आमच्याकडे दसऱ्याला सकाळी घरातलं सगळं लोखंड धुऊन अंगणात मांडतात. विळे, कुऱ्हाड, पहार, खुरपी. मग सगळ्याला तेलाचा हात लावून पूजा. "लोखंड पूजेला कोरडं ठिवायचं नसतं," हे सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. त्या लोखंडाच्या ओळीत शेवटी गाडी असायची, आणि तिच्या चाकांनाही तेल माझ्याच हातचं. जुन्या गाडीला त्याने कधी काही झालं नाही. तिचे ब्रेक चाकाच्या पोटात होते.

या गुढीपाडव्याला नवी गाडी आली. तिला तारा नाहीत, आणि पुढच्या चाकाला बाहेरूनच भोकांची थाळी आहे. ब्रेक दाबला की चिमट्यासारखं काहीतरी ती थाळी धरतं. दसऱ्याच्या आठ दिवस आधी आम्ही दुकानात गेलो तेव्हा हे म्हणाले, "या खेपंला तू निवड." मला काही सुचेना. बाटल्यांवरची अक्षरं इंग्रजी. एका बाटलीवर आख्खी मोटारसायकल होती, हँडलपासून चाकापर्यंत चमकणारी. मी तिच्याकडे बोट दाखवलं. चित्रात सगळी गाडी चमकते आहे, म्हणजे हे सगळ्या गाडीचं, असं मी धरलं. विचारलं नाही. यांनी थेंब नखावर घेतला, चोळला, वास घेतला. "चांगलं निवडलंस," म्हणाले. बाटली मीच मांडीवर धरून घरी आणली.

दसऱ्याच्या सकाळी हे आपट्याची पानं आणायला गेले होते. मी विळे-कुऱ्हाडीला तेल लावलं आणि चाकांकडे वळले. आदल्या संध्याकाळी गाडी धुतलेली, आणि थाळीवर पाण्याची तांबूस झाक आली होती. मला वाटलं, नव्या गाडीचं लोखंड आत्ताच गंजायला लागलं, आणि तेही पूजेच्या दिवशी. मी ते पॉलिश दोन्ही बाजूंनी फवारलं आणि बनियनने चोळलं. आरशासारखी थाळी झाली. मग हार घातला, कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. हे आल्यावर विचारलं, "चाकं झाली का?" मी म्हटलं, "झाली." ते खाली वाकले नाहीत. चाकं माझी होती.

जेवून ते कंपनीतल्या लोकांना सोनं द्यायला निघाले. गल्लीच्या टोकाला गाडी थांबली, म्हणजे थोडी पुढे जाऊन थांबली. पाय टेकवून त्यांनी ब्रेक दोनदा दाबून पाहिला, मग वळून दारात मी उभी होते तिकडे बघितलं. मी विचारलं, "काय राहिलं का?" म्हणाले, "काई न्हाई. जा आत, ऊन हाय." आणि गेले.

चौदाव्याच्या पुढे दोन-तीन दिवसांनी अशोक आमच्या घरी आला होता. एकटाच. अंगणात उभा राहिला, बस म्हटलं कुणी नाही आणि तो बसला नाही. सासूबाईंना म्हणाला, "आजी, म्या ब्रेक मारला, खोटं बोलत न्हाई. शेळी आडवी आली. पन मागं लई अंतर हुतं ओ. गाडी थांबलीच न्हाई, सरळ आली." भाऊजी उठले. "मेलेल्या मानसावर ढकलतो व्हय रं?" सासूबाई म्हणाल्या, "माझं लेकरू वीस वर्सं गाडी चालवतंय. त्याला ब्रेक मारता येत न्हाई व्हय?" मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराआड उभी होते, त्याला द्यायला नेत होते. दिला नाही. तो गेल्यावर तांब्या खाली ठेवला.

वरचं लिहिलं त्याला आठ दिवस झाले. लिहिल्यावर माझ्याच्याने गप्प बसवेना. बाजाराचं निमित्त करून सुप्याला गेले आणि सॅम्युअल मिस्त्रींच्या गॅरेजसमोर उभी राहिले. यांच्या गाड्या कायम त्यांच्याकडेच. त्यांनी स्टूल दिलं. मी न बसता विचारलं, "थाळीला पॉलिश लागलं तर काय होतं, मिस्त्री?"

ते हात पुसत होते, ते थांबले. "पुढचा ब्रेक जातो, वहिनी. मागचा असतो, पन त्याच्यावर एकदम गाडी थांबत न्हाई." मग खाली बघून म्हणाले, "मला ठावं हाय. त्याचा फोन आल्ता. दसऱ्याच्या दिशी, रस्त्यातनं. म्हनला, डिस्कला पॉलिश गेलंय, गॅरेज उघडं हाय का, पुसून दे. म्या म्हनलं, येड्या, एवढा शहाना आन् डिस्कला पॉलिश? तर हसला. म्हनला, माझ्याच हातनं उडालं, चूक झाली. म्या म्हनलं, ये सावकाश."

मी विचारलं, "तुम्ही कुणाला का नाही बोललात?"

"तुमची केस ढिली पडंल म्हनून. पन रातीला त्या अशोकचं तोंड दिसतं, वहिनी."

मी स्टुलावर बसले. यांना पहिल्यांदा ब्रेक दाबताच कळलं होतं. गल्लीतच. मागे वळून ओरडले असते, "काय लावलंस हे?" तर मी रडले असते, पुन्हा दोन दिवस जेवले नसते, आणि ते आज अंगणात असते. भांडं हाय का हे, एवढं एकदाच बोलले होते, आणि ते बोललेलं इतकी वर्षं मी धरून बसले. ते त्यांना माहीत होतं, म्हणूनच या वेळी बोलले नाहीत. मला दुखवू नये म्हणून तसेच गेले... हे कुणाला समजावून सांगता येत नाही.

घरी येऊन मी सांगितलं. चुलीपाशी, उभ्या उभ्याच, सासूबाई आणि भाऊजी दोघांना. भाऊजी आधी दार लावून आले. "वहिनी, आता हे कुनाला बोलायचं न्हाई. केस त्याच्यावर हाय, ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, "चूक त्याची न्हाई."

भाऊजींना मी कधी उलट बोलले नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या हातानं..."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या बरोबर जाऊन मी पोलिसांना सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, मिस्त्रींचंही घेतलं. पुढे काय ते कोर्टात ठरेल म्हणाले. अशोकला बोलावलं होतं, तो बाहेर बाकावर होता. मला वाटलं होतं त्याला सुटल्यासारखं होईल. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "शेळीला वाचवाया म्या एकदम थांबाया नको हुतं, वहिनी." त्या बाकावर आम्ही दोघं थोडा वेळ बसलो, मधे माणूसभर जागा सोडून. मग तो त्याच्या वाटेने गेला.

सासूबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. ताट पुढे सरकवतात, पण बोलत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. गाडी पोलिसांच्या आवारात आहे, ती घरी येणार नाही असं भाऊजींनी सांगितलं. बाटल्या, फडकी, ब्रश, सगळं त्यांनी पोत्यात भरून कुठेतरी नेलं.

आज सकाळी उठले तेव्हा सासूबाई अंगणात सडा टाकत होत्या. ओल्या जमिनीत गाडीचं स्टँड रुततं, म्हणून हे रोज सकाळी सांगायचे, तेवढी जागा सोडा म्हणून. मी दारातून बघत होते. नळापासून तुळशीपर्यंत त्यांनी पाणी मारलं, बादली घेऊन वळसा घातला, आणि मधली गाडीएवढी जागा कोरडी सोडून पलीकडे गेल्या. पलीकडून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी झाडू घेतला आणि ती कोरडी जागा झाडली. त्यांनी मला अडवलं नाही.