एका ब्रेकसाठी किन्हीराजाला

पुणे स्टेशनावर मुलानं विचारलं, "आई, तू कुठे गेलीस असं कुणी विचारलं तर मी काय सांगू?" मी म्हटलं, सांग की वऱ्हाडात ब्रेक आणायला गेली आहे. त्यानं कपाळाला हात लावला आणि माझी वळकटी डब्यात टाकली. माझ्या वयाच्या बायका काशी-रामेश्वर करतात. मी पोळ्याच्या तोंडावर, पावसापाण्याचं, अकोल्याला निघाले होते, तेही एका लोखंडाच्या तुकड्यासाठी. त्याचा वैताग मला समजत होता, पण मी तो मनावर घेतला नाही.

ब्रेकची कथा आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. आमच्या ह्यांनी एक अमेरिकन गाडी घेतली होती. इकडे धरणाच्या कामावर आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परतताना ती विकून गेला. निळी, दोन दारांची, लांब नाकाची, आणि आवाज असा की गल्लीतली कुत्री घरात पळायची. दर रविवारी आम्ही तिच्यातून खडकवासल्याला जायचो. पाण्याकाठी कणीस खायचं आणि परत यायचं, एवढाच कार्यक्रम. दोन वर्षांपूर्वी हे गेले. गाडी गॅरेजात उभी राहिली आणि उभ्या उभ्या तिच्या पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक गंजून बसला.

आपल्याकडच्या गाड्यांना ड्रमचे ब्रेक असतात. हिच्या पुढच्या चाकांना डिस्क आहे. म्हणजे चाकाबरोबर एक लोखंडी थाळी फिरते, आणि पाय दाबला की एक जबडा तिला दोन्ही बाजूंनी आवळून धरतो. त्या जबड्याला कॅलिपर म्हणतात, हे ज्ञान मला पन्नाशी उलटल्यावर झालं. आमच्या मेस्त्रींनी मुंबईचे सगळे भंगारबाजार पालथे घातले. लेथवर नवे भाग कातून पाहिले, तर त्यातून तेल गळायला लागलं. शेवटी त्यांनीही हात टेकले. मुलाला गॅरेजची जागा भाड्यानं द्यायची होती. गणपती झाले की भंगारवाला येणार, असं ठरूनही गेलं. गाडी चालू झाली तर ठेवू, एवढं मात्र मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

तुम्ही म्हणाल, एका गाडीसाठी इतका जीव का टाकायचा? घरात ह्यांचा फोटो आहे, चष्मा आहे, चपला अजून दाराशी आहेत. पण घरात हे मला भेटत नाहीत. भेटायचे ते त्या गाडीतच. मला ह्यांची फार आठवण येते, हे लिहायला आता मला लाज वाटत नाही.

अशात एका ट्रक ड्रायव्हरनं मेस्त्रींना सांगितलं की नागपूरच्या रस्त्यावर, वाशीमकडे किन्हीराजा म्हणून गाव आहे. तिथे एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून अस्संच नाक बाहेर आलेलं त्यानं पाहिलं आहे. झालं, मी तिकीट काढलं.

अकोल्याला उतरून एसटी धरली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी गुडघ्याच्या वर आलेली, मध्येच ज्वारीचे पट्टे. आभाळ खाली उतरलेलं. रात्रभर डब्यात डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्यामुळे शेलूबाजारला उतरायचं ते मी खिडकीला डोकं टेकून मस्त घोरत राहिले. जाग आली ती कंडक्टरच्या आवाजानं. शेलू तं कवाचंच मागं गेलं, बाई, असं तो शांतपणे म्हणाला. गाडी मंगरूळपीरला लागली होती.

मंगरूळपीरचा बाजार पोळ्यासाठी सजला होता. बैलांच्या झुली, घुंगरांच्या माळा, शिंगांना लावायचं बेगड (चमकता कागद), नव्या वेसणी. दर्ग्याच्या वाटेवरचे फुलवालेही त्या दिवशी बैलांच्या हारांचंच गिऱ्हाईक करत होते. एका हॉटेलात आलूबोंडा मागवला. त्यावर मालकानं न विचारता लालभडक रस्सा ओतला आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्यानं पाणी आणून दिलं आणि मग चौकशी केली. मी किन्हीराजाच्या गाडीचं सांगितलं. त्याचा चेहराच बदलला.

"काहून (कशाला) जाता बाई तिकडं? थे म्हातारी त्या गाडीले कोनाले हात लावू देत नाही."

एवढ्या लांब आल्यावर हे ऐकायला मिळालं. पण परत जाऊन मुलाला काय तोंड दाखवणार होते? जीपनं शेलूबाजार गाठलं, तिथून मालेगावच्या एसटीत बसले, आणि या वेळी डोळे फाडून जागी राहिले.

किन्हीराजाला रस्ता सोडला की लगेच चिखल. काळ्या मातीनं चपला ओढून घेतल्या. त्या हातात धरून, अनवाणीच, मी गाडीच्या मालकाच्या, किसनरावांच्या दारात उभी राहिले. सत्तरीकडे झुकलेला ताठ माणूस. त्यांनी 'जय भीम' म्हणून हात जोडले आणि आधी पाय धुवायला पाणी दिलं. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली एका तरुणाचा फोटो. हा त्यांचा मुलगा उत्तम. नागपूरला शिकला, शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेला, तिथेच नोकरीला लागला. एकदा परत आला तो बोटीतून ही गाडी घेऊन. मुंबईच्या धक्क्यापासून ती स्वतः चालवत त्यानं गावात आणली, तेव्हा म्हणे अख्खं किन्हीराजा रस्त्यावर उभं होतं. इकडे मनासारखं काम मिळेना. दोन वर्षांत येतो, गाडी सांभाळा, असं सांगून तो गेला. तिकडेच त्यानं लग्न केलं. आता फोटो येतात, तो येत नाही.

गोठ्यात दोन पांढरे बैल आणि त्यांच्या शेजारी ती गाडी. रंग तांबडा, बाकी सगळी आमचीच. तेच नाक, तेच गोल दिवे. माझा हात आपोआप बॉनेटवर गेला. किसनराव म्हणाले, गाडी उभीच हाय, पार्ट कामी पडन तं घेऊन जा. त्यांनी रस्त्यावरच्या पंक्चरवाल्या रहीमभाईला बोलावलं. त्यानं डावं चाक काढलं. आत थाळीवर आणि जबड्यावर पिवळट काळा थर बसला होता. रहीमभाईनं बोटाला घेऊन वास घेतला आणि हसायला लागला. तूप आणि हळद होती ती. मी चक्रावले. त्यानं थर पुसला, पहारीनं जबड्याच्या आतला दट्ट्या दाबून पाहिला, तर तो सहज आत सरकला. गंजाचा ठिपका नव्हता. मला आनंदानं नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात सुभद्राबाई शेतातून आल्या. किसनरावांच्या मालकीण, बारीक चणीच्या, डोक्यावर हिरव्या चाऱ्याचा भारा. त्यांनी निघालेलं चाक पाहिलं, मला पाहिलं, भारा खाली टाकला. कुणी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "चाक लावा."

किसनरावांनी समजावलं. मी माझी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाल्या की पोरगा आला तं काय चालवीन? चाक परत लागलं. रहीमभाई हत्यारं उचलून निघून गेला. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पडून राहिलेल्या गाडीचा एक तुकडा! पण दुसऱ्याच्या दारात आपला राग दाखवायची सोय नसते. परतीची एसटी सकाळीच होती, म्हणून राहणं भाग पडलं.

संध्याकाळी खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळून शेकतात, कारण वर्षभर जू त्याच खांद्यावर असतं. मी किसनरावांना विचारलं की तुम्ही तर देवधर्म सोडलात, मग हे कसं? ते म्हणाले, "देव सोडले, बाई. बैल नाही सोडले." सुभद्राबाईंनी वाटीत तूप-हळद कालवली. पळसाच्या पानानं त्या बैलांचे खांदे चोळत होत्या आणि किसनराव बैलांच्या कानाशी म्हणत होते, आज आवतन (आमंत्रण) घ्या, उद्या जेवाले या. बैल मजेत मान लांब करून उभे होते.

मग वाटी घेऊन सुभद्राबाई गाडीकडे वळल्या. किसनरावांनी मान फिरवली. बहुधा दर वर्षी फिरवत असावेत. त्या चिखलातच बसल्या, चाकाच्या भोकांतून दोन बोटं आत घातली आणि चाक जिथे गाडीला जडतं तिथे तूप-हळद भरू लागल्या. चाक म्हणजे पाय, त्याच्या वर तो खांदा, असा त्यांचा सरळ हिशोब. डावं झालं, उजवं झालं. ब्रेकला तूप लावणारी बाई जगात दुसरी नसेल. त्या तुपात भिजून थाळीला घासणारे ब्रेकचे पट्टे पार कामातून गेले होते, आणि त्याच तुपानं ओल आत जाऊ न देता तो जबडा जिवंत ठेवला होता. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. बैलांना 'या' म्हटलं होतं. इथे 'ये' म्हणाल्या. हे आमंत्रण गाडीला नव्हतं, हे मला लख्ख कळलं आणि माझा सगळा राग गळून गेला. आपण उगाच आलो असं वाटलं.

हात पुसत त्यांनी मला विचारलं, "गाडी चालू झाली तं तुमचे मालक येतीन काय?"

मी म्हटलं, येणार नाहीत. पण तिच्यात बसलं की आहेत असं वाटतं.

त्यांनी वाटी बाजूला ठेवली. बैल रवंथ करत होते. मग त्या उठल्या.

"माहा जिता हाय, बाई. त्याले यायचं असन तं तो पायी येईन. तुमच्याले यायले हेच गाडी पाह्यजे. घेऊन जा."

मी नको नको म्हटलं, मनापासून म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. आंबाडीची भाजी, भाकर आणि ठेचा माझ्यापुढे ठेवला आणि विषय बदलून पुण्यात ज्वारी काय भावानं मिळते ते विचारत बसल्या.

सकाळी रहीमभाईनं जबडा सोडवला. त्या वेळी त्या चुलीपाशी पुरण वाटत होत्या, बाहेर आल्या नाहीत. निघताना मात्र त्यांनी तो तुकडा स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि वर पुरणपोळ्यांची पुरचुंडी. मी वाकून नमस्कार केला, तर त्या मागे सरकल्या. किसनराव फाट्यापर्यंत पोचवायला आले. चालता चालता म्हणाले की रात्री थे रडली, अन् मंग झोपली. लई वर्षांनी अशी झोपली. एसटी आली. पोळ्याला सजलेले बैल रस्त्याच्या कडेनं चालले होते आणि मी मांडीवरचं गाठोडं दोन्ही हातांनी धरून बसले होते.

पुण्यात मेस्त्रींनी जबडा धुऊन बसवला, नवे पट्टे घडवून घेतले. गल्लीत एक फेरी मारून पाय दाबला, आणि गाडी जागच्या जागी थांबली. मुलानं शब्द पाळला. भंगारवाल्याला त्यानं दारातूनच परत पाठवलं.

पहिल्या रविवारी तो म्हणाला, चल आई, खडकवासला. गाडी अमेरिकन, तिचं स्टिअरिंग डावीकडे; ती ह्यांची जागा. मी नेहमीसारखी उजवीकडे, माझ्या जागेवर बसले. तेच इंजिन घरघरलं, तोच धक्का पाठीला बसला. सिंहगड रस्त्याला लागलो. मुलगा काही बोलायला लागला तेव्हा मी त्याला हातानंच गप्प राहायला सांगितलं, समोर बघत. धरण येईपर्यंत मी डावीकडे एकदाही पाहिलं नाही.